ग्लायडरची नाडीपरीक्षा

गेल्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस आमच्या विज्ञानमंडळाचें ग्लायडर कापणी झालेल्या जोंधळ्याच्या शेतांत नाक खुपसून पडलें, ही वार्ता शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. तें कां पडलें हें मात्र थोड्यांसच ठाऊक आहे; आणि आपणांस तें ठाऊक आहे असें जे छातीवर हात ठेवून सांगतात, त्यांतील बहुतेकांचा समज चुकीचा आहे. हा समज दूर व्हावा, आणि त्या निमित्तानें विजेच्या मोटरीवर उडणाऱ्या बिनतारी विमानांत बिघाड झाला असतां त्याचें मूळ कसें शोधावें याची कांहीं दिशा विद्यार्थ्यांस मिळावी, म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणलें.

ग्लायडर म्हणजे एंजिनाच्या जोरावर नव्हे, तर हवेच्याच आधारानें तरंगणारें विमान. दुपारच्या वेळीं तापलेल्या माळावर घार पंख न हलवितां घिरट्या घेत वर चढते, ती जमिनीवरून उठणाऱ्या ऊन हवेच्या स्तंभावर बसलेली असते. ग्लायडरही तेंच करतें. परंतु त्या स्तंभापर्यंत त्यास कोणी तरी पोहोंचविलें पाहिजे. हें काम लांब दोरीनें ओढून करतां येतें. परंतु आतां बहुधा नाकांतच एक लहानशी मोटर बसवितात. ती अर्धा मिनिट चालते, विमानास तीनचारशें फूट उंच नेते आणि थांबते. तिच्या पंख्याचीं दोन्ही पातीं मिटून नाकाच्या दोन अंगांस चिकटून बसतात. यापुढें सारी भिस्त चालविणाऱ्याच्या हातावर.

बिनतारी लहरींनीं दूरच्या वस्तूस हुकूम करण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहान नाव हौदांत सोडून ती लोकांसमक्ष अशा रीतीनें फिरवून दाखविली. ३० जून १९५७ रोजीं इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं 'रेडिओ क्वीन' नांवाचें लहान विमान विजेची मोटर लावून बिनतारी नियंत्रणाखालीं उडविलें. या जातीचें तें पहिलें नोंदलेलें उड्डाण समजलें जातें. त्यांतील बॅटरी रुपें व जस्त यांच्या घटांची होती. पुढें फ्रेड मिलिटकी या गृहस्थांनीं, ज्यांचा बराच काळ असल्याच लहान विमानांच्या नादांत गेला होता, एका खऱ्या मोटर-ग्लायडरास विजेची मोटर बसवून घेतली. आणि २१ ऑक्टोबर १९७३ रोजीं ऑस्ट्रियांत हाइनो ब्रडिट्श्का यांनीं तें स्वतः आंत बसून उडविलें. मुलांच्या या खेळास जे कोणी वेळेचा अपव्यय म्हणतात, त्यांनीं हा क्रम ध्यानांत आणावा.

आमचें ग्लायडर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटर लांब व वजनानें सुमारें सव्वा किलो आहे. त्याच्या पोटांत काय आहे तें आधीं पाहूं. कारण अवयव ओळखल्यावांचून रोग ओळखतां येत नाहीं. बॅटरी लिथियम-पॉलिमर जातीची, तीन घटांची, २२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची आहे. तिच्या दोन जाड तारा स्पीड कंट्रोलर नांवाच्या, काड्यापेटीएवढ्या पट्टीस येतात. या पट्टीचीं कामें दोन. पहिलें, बॅटरीचा सरळ प्रवाह तीन तारांत पाळीपाळीनें सोडून मोटर फिरविणें. दुसरें, बॅटरीच्या अकरा-बारा व्होल्टांतून पांच व्होल्ट वेगळे काढून रिसीव्हरास व सर्व्होंस पुरविणें. या दुसऱ्या भागास बी.ई.सी. म्हणतात. रिसीव्हर हा विमानाचा कान, आणि सर्व्हो हे त्याचे स्नायु. आमच्या विमानांत सर्व्हो सहा आहेत: एलेरॉनांचे दोन, फ्लॅपांचे दोन, एलिव्हेटराचा एक व सुकाणूंचा एक. हा सहाचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्या दिवशीं संध्याकाळीं ट्रान्समीटर नववीच्या एका विद्यार्थ्याच्या हातांत होता. मोटरीनें दोनदां विमान वर नेलें, दोन्ही वेळां तें सुरेख तरंगलें. उतरण्यासाठीं त्यानें फ्लॅप खालीं केले, मैदानावर एक फेरी घेतली, आणि उंची जास्त कमी होत आहे असें पाहून पुन्हां वर जाण्यासाठीं थ्रॉटल उघडला. मोटर फिरली नाहीं. विमान वळलें नाहीं. तें तसेंच, फ्लॅप खालीं सोडून, बांध ओलांडून धसकटांत शिरलें. "सर, कांडी हलविली तरी तें ऐकतच नव्हतें," असें तो धांवतां धांवतां सांगत होता. आम्ही विमानापाशीं पोहोंचलों तों चारपांच मिनिटें गेलीं होतीं. कांडी हलवून पाहिली. सहाही सर्व्हो मुकाट्यानें हलले! मोटरीसही किंचित् चालना देऊन पाहिली, तीही फिरली. तेव्हां मुलें त्या विद्यार्थ्याकडे ज्या नजरेनें पाहूं लागलीं, तीच नजर, सांगावयास खेद वाटतो, आमचीही होती. त्यास आम्हीं चार शब्द ऐकविले. तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशीं विमान टेबलावर घेतलें. येथून पुढची हकीकत सांगण्यापूर्वीं, असल्या परीक्षेचा सामान्य क्रम सांगणें इष्ट होईल.

पहिली गोष्ट अशी कीं मोटरीवरील पंखा काढून ठेवावा. हा नियम सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो. मोटर बिघडली आहे, ती फिरत नाहीं, मग पंख्याचें भय कशाचें, असें मनांत येतें. परंतु बिघडलेली मोटर केव्हां फिरूं लागेल याचा भरंवसा नाहीं, आणि मिनिटास सातआठ हजार फेरे घेणारें पातें बोट पाहत नाहीं. पंखा लावूनच करावयाची अशी एखादीच परीक्षा असते. तेव्हां विमान बाकाशीं पट्ट्यांनीं घट्ट बांधावें व सर्वांनीं पंख्याच्या पाठीमागें उभें राहावें, बाजूस किंवा समोर नव्हे. बॅटरीसंबंधींही एक शब्द. अपघातांत दबलेली किंवा फुगलेली लिथियमची बॅटरी पुन्हां चार्ज करूं नये, किती किंमतीची कां असेना. ती पेटली तर आग झपाट्यानें पसरते व कोंडलेल्या खोलींत तिचा धूर घातक होतो. आमच्या येथें चार्जिंग नेहमीं व्हरांड्यांतील फरशीवर, वाळूच्या बादलीशेजारीं व कोणी तरी जवळ बसून असतांनाच होतें.

यानंतर स्वतःस एक प्रश्न विचारावा: मोटर मेली तेव्हां सर्व्हो जिवंत होते काय? निम्मा शोध या एका प्रश्नानें संपतो. सर्व्हो चालू असून केवळ मोटर बंद पडली, तर रिसीव्हर व त्याचे पांच व्होल्ट ठीक आहेत. दोष मोटरींत, तिच्या तीन तारांत, कंट्रोलराच्या शक्तिभागांत किंवा थकलेल्या बॅटरींत शोधावा. दोन्ही एकदमच बंद पडलीं आणि तशींच राहिलीं, तर बॅटरीचा जोड सुटला असेल किंवा बी.ई.सी. जळला असेल. दोन्ही बंद पडून कांहीं वेळानें आपोआप सुरू झालीं, तर तीनच वाटा राहतात: एखादा ढिला जोड, तुटलेला बिनतारी संदेश, किंवा उष्णता. साक्षीदाराची जबानी येथें उपकरणापेक्षां मोलाची असते, परंतु ती ऐकून घेतली पाहिजे.

बॅटरीचा दोष ओळखणें वाटतें तितकें सोपें नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. लिथियमचा एक घट पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट दाखवितो. त्याचा मध्यम दाब ३.७ व्होल्ट मानतात, आणि ३ व्होल्टांखालीं तो उतरला तर त्यास कायमची इजा होते. म्हणून बहुतेक कंट्रोलर दाब विशिष्ट मर्यादेखालीं जातांच मोटर आपण होऊन बंद करतात, आणि उरलेली वीज सर्व्होंसाठीं राखतात. आतां नवशिक्याची तक्रार ऐका: "बॅटरी मोजली, ११.४ व्होल्ट आहेत, तरी पूर्ण थ्रॉटल देतांच मोटर दोन सेकंदांत थांबते." तो मोजतो तें मोटर बंद असतांना. प्रत्येक बॅटरीच्या आंत थोडा रोध असतो आणि ती जुनी झाली कीं तो वाढतो. समजा तो ०.०३ ओहम आहे. ३० अँपिअर प्रवाह वाहूं लागला कीं ०.९ व्होल्ट आंतल्या आंत खर्च होतात व १०.५ उरतात. हें चालतें. परंतु जुन्या बॅटरीचा रोध ०.०९ ओहम झाला असेल, तर २.७ व्होल्ट आंतच जातात, बाहेर ८.७ उरतात, आणि तीन घटांस ९ व्होल्टांची मर्यादा बांधलेला कंट्रोलर आपलें कर्तव्य करतो. मोटर थांबतांच प्रवाह थांबतो, दाब पुन्हां ११.४ वर येतो, आणि मल्टिमीटर मालकास शांतपणें सांगतो कीं सर्व कुशल आहे. सारांश, बॅटरी तपासावयाची ती ओझें वाहत असतांना. यासाठीं बॅटरी व कंट्रोलर यांच्यामध्यें वॉटमीटर जोडतात. तो दाब व प्रवाह दोन्ही एकदम दाखवितो. बॅटरी जोडतांना टोकांपाशीं जी ठिणगी उडते ती मात्र दोष नव्हे. कंट्रोलरांतील कपॅसिटर एकदम भरतात त्याचा तो आवाज आहे.

तीच लक्षणें एखादा वाईट जोडही दाखवितो. चांगला झाळलेला जोड चकचकीत व गुळगुळीत असतो. कच्चा असेल तो मळकट व रवाळ दिसतो. मोटर अर्धा मिनिट चालवून बॅटरी सोडवावी व प्रत्येक जोडास बोट लावून पाहावें. जो इतरांपेक्षां ऊन लागेल तोच चोर. या परीक्षेस एक पैही लागत नाहीं.

मोटर मुळींच हलत नाहीं व कंट्रोलर नुसता टुकटुक आवाज करीत राहतो, असें झाल्यास घाबरूं नये. बहुधा तो बिघडलेला नसून सावध असतो. चालू करतांना थ्रॉटल अगदीं तळाशीं आहे अशी खात्री झाल्याखेरीज तो मोटरीस हात लावीत नाहीं. थ्रॉटलची ट्रिम वर राहिली असेल, किंवा ट्रान्समीटरांत त्याची दिशा उलटी असेल, तर तो तसाच अडून बसतो. आमच्या मंडळांतील एका मोठ्या विद्यार्थ्यानें या एका ट्रिमेपायीं धडका कंट्रोलर टाकून नवा आणविला. नवाही त्याच सुरांत टुकटुकूं लागला तेव्हां त्याचे डोळे उघडले. याच ठिकाणीं दुसरी एक तजवीज करावी. पंखा काढलेला असतांना मोटर मंद चालवून ट्रान्समीटर बंद करावा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. ती न थांबतां जोरानें फिरूं लागली, तर रिसीव्हराची संकटकालीन योजना चुकीची बसविली आहे असें समजावें, आणि ती दुरुस्त होईतों विमान बाहेर नेऊं नये.

आतां मोटर. हिच्यांत जुन्या मोटरींतल्यासारखे ब्रश नसतात, तेव्हां ते झिजणें, ठिणग्या उडणें व त्यामुळें रेडिओंत खरखर होणें हे रोगही नाहींत. तीन तारा आहेत, त्यांतील कोणत्याही दोन अदलाबदल केल्या कीं मोटर उलटी फिरते. उलटी फिरणारी मोटर हा बिघाडच नव्हे. परंतु ती फिरण्याऐवजीं जागच्या जागीं थरथरूं लागली, तर तिहींपैकीं एक तार तुटली आहे असें बहुधा समजावें. दोष मोटरींत कीं कंट्रोलरांत हें ठरविण्यास धडधाकट असा दुसरा कंट्रोलर लावून पाहणें हा राजमार्ग. पण तो नसल्यास एक सुंदर युक्ति आहे, आणि ती आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतलीच आहे.

मोटरीच्या तिन्ही तारा सोडवून एकमेकींपासून दूर ठेवाव्या व आंस बोटांनीं फिरवावा. चुंबकांमुळें तो थोडा अडखळत, पण मोकळा फिरतो. आतां कोणत्याही दोन तारांचीं टोकें एकत्र धरून पुन्हां फिरवावा. बोटांस स्पष्ट विरोध जाणवेल, जणूं आंसास कोणी मधांत बुडविलें आहे. फिरणाऱ्या चुंबकांमुळें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, टोकें जुळल्यामुळें ती वाहूं लागते, आणि लेंझ यांच्या नियमाप्रमाणें ज्या गतीनें ती उत्पन्न झाली त्या गतीसच विरोध करते. तिन्ही जोड्या अशाच पाहाव्या. तिहींत विरोध सारखा असेल तर वेटोळीं शाबूत आहेत. दोन जोड्यांत विरोध नसून एकींतच असेल, तर त्या दोहोंत जी तार समाईक आहे ती तुटलेली. आणि तिन्ही टोकें मोकळीं असतांनाही आंस जड फिरत असेल, तर वेटोळीं आंतल्या आंत एकमेकांस चिकटलीं आहेत. ती मोटर कामांतून गेली. लहान रोध साध्या मल्टिमीटरास नीट मोजतां येत नाहींत, म्हणून येथें आमचीं बोटें त्याच्याहून शहाणीं ठरतात.

वेटोळीं जळण्याचें एक क्षुद्र कारण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोटर विमानाच्या नाकांत बसवितांना वापरलेला स्क्रू एकदोन मिलिमीटर जास्त लांब असला, तर त्याचें टोंक आंत जाऊन तांब्याच्या तारेवरील वार्निश खरवडतें. मोटर नवी, कंट्रोलर नवा, आणि पहिल्याच उड्डाणांत दोहोंचा धूर! तसेंच, मोटरीचें बाहेरचें कवच फिरतें. अरुंद नाकांत तिच्याच तारा त्या कवचास घांसून हळूहळू सोलल्या जातात. तारा बाजूस बांधून ठेवाव्या.

पंखा मोठा बसविल्यास विमान जोरानें वर जाईल हा मोह अनेकांस होतो. त्याच पिचाचें व तितक्याच वेगानें फिरणारें पातें ९ इंचांऐवजीं १० इंच केलें, तर त्यास फिरविण्यास सुमारें दीडपट शक्ति लागते. कारण ती व्यासाच्या जवळजवळ चौथ्या घाताप्रमाणें वाढते. म्हणून नवा पंखा चढविला कीं वॉटमीटर लावून प्रवाह पाहावा, आणि तो कंट्रोलरावर छापलेल्या आंकड्याच्या बराच खालीं असावा. मोटर थांबल्यावरही पंखा मिटत नसेल व वाऱ्यानें भिरभिरत राहत असेल, तर कंट्रोलरांतील ब्रेक चालू करावयाचा राहिला आहे. विमान मग तरंगण्याऐवजीं धापा टाकीत खालीं येतें.

बिनतारी संदेशाचा दोष निराळा. हल्लींचीं यंत्रें २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्या कार्बन तंतूंच्या भिंतींतून पार होत नाहींत. असें विमान असेल तर ॲंटेना बाहेर काढावी, आणि दोन असल्यास एकमेकींशीं काटकोनांत ठेवाव्या. उड्डाणापूर्वीं ट्रान्समीटराची शक्ति मुद्दाम कमी करून, कारखान्यानें सांगितलेल्या अंतरावरून सर्व्हो ऐकतात कीं नाहीं तें मोटर बंद व चालू असें दोन्ही प्रकारें पाहावें.

हा सर्व क्रम आम्हीं आमच्या ग्लायडरावर चालविला. फुटलेलें नाक दूर केलें, वरचें झांकण काढलें, सर्व भाग उघडे करून टेबलावर मांडले. बॅटरीस कोठें इजा झाली नव्हती. विश्रांतींत दाब ११.६ व्होल्ट, पूर्ण ओझ्याखालीं २९ अँपिअर वाहत असतांना १०.६. जोड सारे चकचकीत. तीन तारांचा विरोध सारखा. दूरची परीक्षा निर्दोष. अर्धा तास सर्व्हो हलविले. एकही चुकला नाहीं. रोगी इतका निरोगी असावा याचें आम्हांस नवल वाटलें, आणि मनांतल्या मनांत आम्हीं निकालही देऊन टाकला: दोष चालविणाऱ्याचा.

तो विद्यार्थी पाठीमागें उभा होता. त्यास कोणी बोलाविलें नव्हतें. निघतां निघतां तो हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशीं झांकण बंद होतें. आणि फ्लॅप खालीं होते."

आम्ही थबकलों. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आम्हीं विमानाची परीक्षा उघड्या हवेंत, पंख्याखालीं, फ्लॅप वर ठेवून केली होती; म्हणजे ज्या स्थितींत तें पडलें ती सोडून बाकी सर्व स्थितींत. पुन्हां बसलों. रिसीव्हराकडे जाणारी लाल तार तोडून मध्यें अँपिअर मोजण्यासाठीं मल्टिमीटर घातला. सर्व्हो स्थिर असतांना प्रवाह दशांश अँपिअरापेक्षांही कमी होता. फ्लॅप खालीं केले, तों कांटा ०.९ वर चढला आणि तेथेंच राहिला! कान लावून ऐकलें: डाव्या फ्लॅपाचा सर्व्हो एकसारखा गुणगुणत होता. त्याची सळई थोडी लांब होती. फ्लॅप पंखाच्या कडेस टेकल्यानंतरही बिचारा सर्व्हो त्यास आणखी खालीं ढकलूं पाहत होता. त्यांत इतर सर्व्हो हलविले म्हणजे प्रवाह १.४ अँपिअरपर्यंत जाई.

आतां हिशेब पाहा. आमचा बी.ई.सी. जुन्या, साध्या जातीचा, तो ११.६ व्होल्टांतून ५ देतो, आणि मधले ६.६ व्होल्ट नुसते उष्णतेच्या रूपानें उधळतो. ६.६ गुणिले १.४, म्हणजे सव्वानऊ वॉट. आमच्या प्रयोगशाळेंतील झाळण्याची सळई २५ वॉटांची आहे. तिच्या एकतृतीयांशाहून अधिक उष्णता नखाएवढ्या तुकड्यांत, शिवाय त्याच पट्टीवर मोटरीचा भाग आधींच तापलेला. फार तापल्यास आपला जीव वाचविण्यासाठीं तो तुकडा स्वतः बंद होतो. निवला कीं पुन्हां सुरू. तो बंद झाला कीं रिसीव्हर मेला, सर्व्हो मेले, आणि संदेश न मिळाल्यामुळें मोटरही निजली. चारपांच मिनिटांनीं आम्ही शेतांत पोहोंचलों तेव्हां सर्व कां जिवंत होतें, याचा उलगडा झाला. चारपर्यंत सर्व्हो असते तर ही जात कदाचित् निभावून गेली असती. सहांचा भार तिच्यासाठीं नव्हताच.

तरीही एक गांठ उरली होती. विमानाच्या नाकास हवा आंत येण्यासाठीं भोंक आहे. उडतांना कंट्रोलर वाऱ्यानें निवावयास हवा होता. तें भोंक त्या दिवशीं चिकटपट्टीनें बंद होतें. शेतांतील कोंडा व धूळ आंत जाऊं नये म्हणून ती पट्टी लावली होती; आणि ती लावणारे आम्हीच होतों.

खात्रीसाठीं नाक तात्पुरतें जोडलें, पट्टी होती तशी लावली, विमान बाकाशीं बांधलें. अर्धा मिनिट मोटर, मग फ्लॅप खालीं व कांडी हलवीत राहणें, पुन्हां मोटर, पुन्हां फ्लॅप. दुसऱ्या फेरीच्या चौथ्या मिनिटास सहाही सर्व्हो एका क्षणांत थिजले. खोलींत कोणी बोललें नाहीं. झांकण उघडून बोट लावलें तों चटका बसला. थोड्या वेळानें सर्व्हो आपोआप जागे झाले. हाच प्रयोग पट्टी काढून व सळई आंखूड करून केला; वीस मिनिटांतही कांहीं झालें नाहीं.

त्याच सायंकाळीं, ज्या मुलांसमक्ष शेतांत आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोललों होतों, त्यांसच वर्गांत थांबवून घेतलें, फळ्यावर सव्वानऊ वॉटांचा हिशेब मांडला, पट्टी कोणी लावली तें सांगितलें, आणि त्याची क्षमा मागितली. तो खालीं पाहून हंसला व म्हणाला कीं सळई त्यानेंच बसविली होती.

दुरुस्तीस तीन आठवडे लागले. फ्लॅपांच्या सळया दोन्ही आंखूड केल्या. आतां फ्लॅप पूर्ण खालीं असतां प्रवाह ०.१ अँपिअर राहतो. पांच व्होल्टांसाठीं स्विचिंग जातीचा निराळा बी.ई.सी. बसविला. हा विजेची उधळपट्टी न करतां ती क्षणोक्षणीं तोडून देतो, म्हणून फारसा तापत नाहीं. तो लावतांना कंट्रोलराच्या तीनतारी दोरींतील लाल तार सोडवून गुंडाळून ठेवली, नाहीं तर दोन पुरवठे एकमेकांशीं भांडतात. नाकाचें भोंक मोठें केलें व शेपटीजवळ हवा बाहेर जाण्यास दुसरें ठेवलें. आंत आलेल्या हवेस वाट नसेल तर ती येतच नाहीं. २०२१ च्या ड्रोन नियमांचा सरकारी नकाशा पाहून मैदान हिरव्या क्षेत्रांत असल्याची खात्रीही या वेळीं पुन्हां करून घेतली.

मार्चच्या तिसऱ्या शनिवारीं त्याच विद्यार्थ्यानें ग्लायडर पुन्हां उडविलें. मोटर पंचवीस सेकंद चालली. नंतर बांधावरच्या बाभळीवर एक घार फिरत होती, तिच्या खालीं त्यानें विमान नेलें, आणि बावीस मिनिटें तें वरच होतें. उतरल्यावर आम्हीं प्रथम नाकास हात लावून पाहिला. तें गार होतें.